हलकं चिलखत

डोंगरात सायकल चालवायची तर अंगावर चिलखत हवं, तेही हलकं. भोरच्या विराजने महिनाभर मोबाईल पालथा घालून नऊशे ग्रॅमचं निवडलं.

"आई, अंगावर आहे असं वाटतच नाही!"

दसऱ्याला आईने सायकलीबरोबर चिलखताचीही पूजा केली.

त्याच दुपारी विराज पासलीच्या उतारावरून थेट भातखाचरात कोसळला. खाचराच्या मालकाने, गोरखने, त्याला उचललं.

"दादा, सायकलवाले छातीला बांधत्यात, ते तुमी न्हाई व्हय घातलं?"

"घातलंय की!" विराजने छाती चाचपली. हाताला नुसता शर्ट लागला.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून तो घरी आला. आईने देवघरातून हळदकुंकू लागलेलं चिलखत आणून त्याच्यापुढे धरलं.

"म्हणून पूजा करावी. बघ, साधा ओरखडा नाही याला!"