दहावा माणूस

शीरा आठ महिने परदेशात एकटी फिरून पेणला परतली होती. व्हिएतनाममध्ये भाषेचा गंध नसताना तिने बंद पडलेली मोटरसायकल दुरुस्त करून घेतली होती, जॉर्जियात बस बर्फात अडकली तेव्हा चालत गाव गाठलं होतं. "माझी पोर एकटी जग फिरते," असं तिचे बाबा, जोसेफ, येईल-जाईल त्याला सांगायचे.

बाबा गेले. महिन्याच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जमले नऊ.

"मी आहे की," शीरा म्हणाली. सगळे घड्याळाकडे बघत राहिले.

शेवटी तिनेच रोह्याच्या एझ्राकाकांना फोन लावला. काका पन्नाशीचे, चांगले धडधाकट. "येवढ्या लांब एकट्यानं यायची मला सवय नाय गो. तूच ये न्यायला," ते म्हणाले. शीरा स्कूटीवरून रोह्याला गेली आणि त्यांना मागे बसवून घेऊन आली.

प्रार्थना झाली. दोन हेल्मेटं हातात धरून ती बायकांच्या बाजूला, पडद्यामागे उभी होती. पलीकडे जमलेल्या नवांतले एलियाहकाका एझ्राकाकांना सांगत होते,



"तू आलास म्हणून निभावलं रे. जोसेफला एक मुलगा असता, तर तुला येवढा त्रास झाला नसता."