डोलकाठीची टणटण

चौथ्या दिवशीही दोऱ्या सुटलेल्याच होत्या.

धक्क्यावर उभं राहून लिफ्टवाल्याने मान वर केली. शिडाच्या पांढऱ्या बोटीवर उंच डोलकाठी, आणि तिच्यावर चारही दोऱ्या वाऱ्याने आपटत होत्या. टण, टण, टण. काठी ॲल्युमिनियमची, आतून पोकळ. आवाज अख्ख्या बंदरात घुमत होता. सकाळीच तर त्याने त्या ताणून बांधल्या होत्या. खरं तर राग यायला हवा होता, पण त्याच्या अंगात तरतरी आली.

“कोणीतरी मुद्दाम करतंय हे,” तो वॉचमनला म्हणाला.

वॉचमनने दोष वाऱ्यावर ढकलायचा प्रयत्न केला. लिफ्टवाल्याने त्याला ऐकवलं की वारा दोरी तोडेल, फार तर ढिली करेल. पण गाठ सोडून दोरीची टोकं व्यवस्थित गुंडाळून ठेवणारा वारा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आवाजाची तक्रार त्याच्या बायकोची. ती घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, आणि तिचं टेबल बंदराकडच्या खिडकीत होतं. त्या टणटणीपायी एका पानात तीन वेलांट्या नजरेतून निसटल्या, असं ती कपाळ दाबत म्हणाली होती. बोटीचा मालक वर्षातून दोनदा उगवणारा. वॉचमनने त्याला फोन केला, तर तो म्हणाला, बांधा खुशाल.

लिफ्टवाला तेव्हा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. धाकट्या भावाबरोबर त्याने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. भाऊ गेला तसं त्याने दुकानाचं शटर ओढलं, ते आठ महिने वर केलं नव्हतं. पण बायकोचं डोकं दुखतंय म्हटल्यावर उठणं भाग होतं. पाच मिनिटांचं काम, असं म्हणून तो चपला घालून खाली उतरला होता.

पाच मिनिटांचं काम काही पाच मिनिटांत झालं नाही. पहिल्या दिवशी त्याने दोऱ्या काठीलाच गुंडाळल्या. वारा सुटताच त्या पुन्हा वाजायला लागल्या. मग त्याच्या ध्यानात आलं की दोरी काठीपासून लांब ओढून कडेच्या कठड्याला बांधली, की ती काठीला शिवतच नाही. दुसऱ्या दिवसापासून तशा बांधल्यावर एकही दोरी वाजेना. आणि दुपार सरली की पुन्हा टणटण सुरू.

आता मात्र तो इरेला पेटला. जुन्या पेटीतून त्याने हुक काढले, रबरी पट्टे काढले. चहाच्या कपाभोवती सुतळी गुंडाळून गाठींचे प्रयोग केले. जेवताना बायकोला प्रत्येक गाठ करून दाखवली. तीही हातातला घास तसाच ठेवून बघायची.

“मग ही सुटते कशी?” ती विचारायची.

तो खुलून समजावून सांगायचा. जन्मभर लिफ्टच्या तारांबद्दल तिने एक प्रश्न विचारला नव्हता.

संशय त्याचा शेजारच्या बोटीवाल्या दातांच्या डॉक्टरवर होता. जागेवरून डॉक्टरचं मालकाशी वाजलं होतं, हे वॉचमननेच सांगितलं होतं. वॉचमनने लाल टोपीवाला एक माणूसही दोनदा पाहिला होता. तो कुठून आला नि कुठे गेला, ते मात्र त्याला सांगता येईना. डोळा लागतो याचा, लिफ्टवाल्याने मनात म्हटलं.

नवव्या दिवशी त्याने सापळा लावला. स्वतः शोधलेली गाठ मारली, दुहेरी, उलट्या पिळाची. बायकोला सांगितलं, हुक आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जातोय, यायला संध्याकाळ होईल. खरं सांगितलं नाही. चोर पकडूनच घरी जायचं होतं. वॉचमनलाही कळू दिलं नाही. वळसा घालून मागून आला आणि डॉक्टरच्या बोटीवरच्या ताडपत्रीखाली शिरला.

आत भट्टी पेटली होती. घाम डोळ्यांत उतरत होता, गुडघे बोंबलत होते, आणि त्याला शाळा बुडवल्यासारखा आनंद होत होता. पकडल्यावर काय बोलायचं, तेही त्याने ठरवून टाकलं. आधी मनगट धरायचं, मग नाव विचारायचं.

चार वाजता फळ्या वाजल्या.

फटीतून आधी वॉचमनचे बूट दिसले. लिफ्टवाल्याची कानशिलं तापली. म्हणजे कुंपणच! पण वॉचमन बोटीवर चढला नाही. काठावर थांबून त्याने हात पुढे केला, आणि त्या हाताला धरून, साडीचा पदर खोचून, लिफ्टवाल्याची बायको बोटीवर चढली.

तिने चष्मा वर सरकवला. नवी गाठ इकडून पाहिली, तिकडून पाहिली, आणि काल रात्री कपावर शिकली होती तशी पीळ उलटा फिरवून सोडवली. एक दोरी वाजली. मग दुसरी.

“बाई, आता पुरे करा ना,” वॉचमन काकुळतीला येऊन म्हणाला. “साहेब उद्यापासून इथे पहारा करायचं म्हणतायत. मी टोपीवाले किती बनवू?”

“करू दे की पहारा. तेवढंच बाहेर बसतील,” ती तिसऱ्या गाठीला हात घालत म्हणाली. “काल झोपेत हसले ते.”

ताडपत्रीखाली लिफ्टवाल्याने श्वास रोखला आणि आपण सापडू नये म्हणून तो आणखी आत सरकला.