वर एक, खाली एक

शाळा सुटून वर्ग रिकामा झाला होता. फळ्यासमोर खडू धरून बिट्टी उभी होती आणि पहिल्या बाकाला टेकून तिच्या बाई. फळ्यावर एकच गणित होतं: बावन्नातून सत्तावीस वजा.

"माझ्यादेखत कर," बाई म्हणाल्या. "आणि करताना मोठ्याने बोल."

तिसरीतल्या या पोरीने बाईंना पार बुचकळ्यात टाकलं होतं. बेरीज अशी झरझर करायची की बघत राहावं. हातच्याची वजाबाकी आली की मात्र उत्तर चुकायचं, आणि तेही दर वेळी नेमकं दहाने कमी. चुकण्यातली इतकी शिस्त बाईंनी आजवर पाहिली नव्हती.

"दोनातून सात जात नाहीत," बिट्टीने सुरुवात केली. "म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक घ्यायचा. पाचाचे झाले चार." तिने पाच खोडून वर चार लिहिला. "बारातून सात गेले, राहिले पाच."

"छान. पुढे?"

बिट्टीने एकदा बाईंकडे पाहिलं. मग खालच्या दोनाशेजारी हळूच एक बारीक रेघ ओढली. "दोनाचे झाले तीन. चारातून तीन गेले, राहिला एक. पंधरा."

"थांब. दोनाचे तीन कसे झाले?"

बिट्टी गणवेशाचा पट्टा पिळायला लागली.

"आजोबांनी शिकवलंय," ती शेवटी म्हणाली. "ते वरच्या पाचाला हात लावत नाहीत. वरच्या दोनाला दहा दिले, की खालच्या दोनाला एक द्यायचा. त्यांच्या शाळेत असंच होतं."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर निभावून नेलं. रीत त्यांचीही बरोबर होती आणि आजोबांचीही. पण एकाच गणितात दोन्ही केल्या, तर एका दहाला दोनदा कात्री लागणारच.

"अगं वेडाबाई, मग दोन्ही कशाला करतेस?"

"वरचं तुमच्यासाठी करते, खालचं आजोबांसाठी." बिट्टीने मान खाली घातली. "नाहीतर कुणाला तरी वाईट वाटेल."

"आणि तुझे मार्क जातात, त्याचं काय?"

"आई म्हणते, आता चुकलं तर शिकवणी लावायची. मग आजोबांनी संध्याकाळी काय करायचं? ते दुपारपासून चष्मा पुसून बसलेले असतात. रोज म्हणतात, गणित यायला हवं तर रोज संध्याकाळी बसावं लागेल." तिचा आवाज बारीक झाला. "त्यांचं चुकतं असं त्यांना सांगू नका ना, बाई."

बाईंना त्या पोरीचा इतका लळा लागला होता, हे त्यांना स्वतःलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या तिला जवळ घेणार, तोच दारात कुणी तरी घसा साफ केला. आजोबा होते. नात फाटकाशी आली नाही म्हणून शोधत वर आले होते, आणि निदान शेवटचं वाक्य तरी त्यांच्या कानावर पडलंच होतं.

ते फळ्याजवळ गेले. वरचा चार पाहिला, खालची रेघ पाहिली, मग पंधरा. उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही.

"दोघांचंही मन राखलंस होय," ते म्हणाले आणि उगाचच चष्मा काढून पुसू लागले. मग बाईंकडे वळले. "बाई, शाळेत चालते ती रीत मलाही शिकायला हवी. शिकवाल?"

"मी कशाला? तुमच्या घरचीच मास्तरीण आहे की," बाई म्हणाल्या. "बिट्टी, घे आजोबांची शिकवणी."

बिट्टीने फळा पुसला आणि नवं गणित घातलं: चौसष्टातून अठ्ठावीस वजा. खडू आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी मन घट्ट करून सहा खोडला, वर पाच लिहिला. चौदातून आठ वजा करून सहा मांडले. इथवर सगळं सुरळीत झालं. मग जन्माची सवय, हात आपसूक खाली गेला आणि दोनाशेजारी रेघ ओढून मोकळा झाला. उत्तर आलं सव्वीस.

"गेले की हो दहा," आजोबा ओशाळून म्हणाले.

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बिट्टी मात्र हसली नाही. टाचा उंचावून तिने ती रेघ अंगठ्याने पुसली, आणि आजोबांचा खडूने माखलेला हात हातात घेतला.

"असू दे, येईल," ती म्हणाली. "पण आजोबा, रोज संध्याकाळी बसावं लागेल हं."