आखूड वायर

“किटली टेबलावर ठेवा,” ग्राहक मंचाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

दादाने पिशवीतून विजेची किटली काढून ठेवली. तक्रार त्याच्या बहिणीची, पण तिला स्वतःला ते जमले नसते. उजव्या हाताची बोटे अजून मिटत नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती, दुसऱ्या कुणाची उसनी आणल्यासारखी.

केस कापणे हा तिचा व्यवसाय. पार्लर उघडले त्याच दिवशी दादाने ही किटली भेट दिली होती. “गिऱ्हाइकाला चहा-कॉफी विचारत जा, बबडे. तुझी बडबड ऐकायची म्हणजे माणसाला काहीतरी आधार नको?” असे म्हणून त्याने तिची उसनी नेलेली कात्रीही हळूच पुढे केली होती. पात्याला चांगली खाच पडलेली. केसांची कात्री दुसऱ्या कशाला लावू नये, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. “पुठ्ठा कापत होतो गं,” तो ओशाळून म्हणाला. तिने तोंडसुख घेतले, मग किटलीकडे पाहून हसली. “म्हणजे ही भेट नव्हे, दंड आहे!”

मग एका दुपारी पाणी ओतताना झाकण उडाले. तेव्हापासून आरशासमोरची खुर्ची रिकामी होती. बोटांवर शस्त्रक्रिया झाली तर कात्री पुन्हा धरता येईल, असे डॉक्टर म्हणत होते. आणि कंपनीने जबाबदारी स्वीकारली तरच तिचा खर्च झेपणार होता.

इस्पितळातून दादाने तिला थेट आपल्या घरी नेले होते. तो स्वतः भरवायचा, वेणी घालायचा. वेणी वाकडी यायची, पण घालायचा. वहिनीकडेही अशीच किटली होती. पहिल्या दिवशी किटली ओट्यावर दिसताच ती दचकून मागे सरली. “घाबरू नकोस, हिचं झाकण नाही उडायचं,” दादा म्हणाला. तिने डाव्या हाताने खटका चाचपून पाहिला. तिच्या किटलीच्या खटक्यापेक्षा तो जाड होता. बरी दिसते ही, तिला वाटले.

तक्रार करायला मात्र दादाचा विरोध होता. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.”

“मग मी वेडीच बरी,” ती म्हणाली होती.

आता कंपनीचा इंजिनिअर उभा राहिला. चेहरा सौम्य, आवाज त्याहून सौम्य. “या खेपेतल्या झाकणाचा खटका सदोष होता, हे आम्ही लपवलेलं नाही. ती सगळी खेप आम्ही बाद केली. पण या किटलीची वायर पाहा, मॅडम. मूळच्या निम्मीसुद्धा नाही. प्लग आमचा नाही. तळाचं लेबल खरवडलेलं आहे. मोडतोड केलेल्या वस्तूची जबाबदारी आम्ही कशी घ्यायची?”

“वायर पहिल्यापासून आखूडच होती,” ती म्हणाली. “म्हणून तर बटणाला खेटून ठेवावी लागायची. दादानं खोक्यातून काढली तेव्हाही एवढीच होती.”

अध्यक्षबाईंनी दादाकडे पाहिले.

“दुकानातून आणली तशीच दिली,” तो म्हणाला.

आता सगळे दुकानदाराकडे वळले. म्हातारा गृहस्थ. टोपी हातात घेऊन बसला होता. “ताई, मी वस्तू उघडून, पाणी उकळून दाखवतो आणि मगच देतो. तुमच्या भावालाही दाखवली होती. चांगली लांब वायर होती. आठवतं ना हो, साहेब?”

“नाही आठवत,” दादा म्हणाला.

तिने दुकानदारावर नजर रोखली. कंपनी परकी होती. तिच्याकडून मायेची अपेक्षा नव्हती. पण या माणसाच्या दुकानातून तिने पार्लरचे दिवे घेतले होते, पंखा घेतला होता. येता-जाता तो विचारपूस करायचा.

“कुणीतरी परत केलेली मोडकी किटली नवी म्हणून आमच्या गळ्यात मारलीत!” तिचा आवाज चिरकला. “विश्वास टाकला तुमच्यावर. केसानं गळा कापलात हो काका!”

म्हातारा टोपीची कड चुरगळत राहिला.

दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे, बबडे. असल्या माणसांच्या तोंडी लागू नये. मागे घेऊ तक्रार. तुझ्या बोटांचं मी बघतो काहीतरी.”

तिला भरून आले. जगात आपले म्हणावे असे एवढे एकच माणूस, तिला वाटले. त्या हाताच्या भाराखाली ती स्वस्थ झाली.

अध्यक्षबाई मात्र किटली न्याहाळत होत्या. “खेप बाद केली म्हणता,” त्यांनी इंजिनिअरला विचारले, “पण परत आलेल्या किटल्यांचं काय केलंत? त्यातलीच एखादी पुन्हा बाजारात आली नसेल कशावरून?”

“आम्ही त्या परत घेतच नाही, मॅडम. सदोष वस्तू इकडून तिकडे फिरवायची कशाला? आम्ही गिऱ्हाइकाला धोका कळवतो. त्यानं घरीच वायर मधोमध कापायची, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरणार नाही. कापलेल्या किटलीचा फोटो आला, की आम्ही नवी घरपोच देतो. तशीच, फक्त खटका जाड केलेली.”

“आणि वायर कापायची कशाने? पक्कड काय प्रत्येकाच्या घरी असते?”

“हाताला लागेल त्याने कापतात लोक,” इंजिनिअर पहिल्यांदाच हसला. “बहुतेक जण कात्रीच घेतात. आणि मग आमच्याकडेच तक्रार करतात, पात्याला खाच पडली म्हणून.”

खोलीत हसू पसरले. तिच्या खांद्यावरचा हात तेवढा उचलला गेला.