सोडलेली ओळ

कोइंबतूरच्या त्या कॅन्सर-तपासणी मोहिमेत एकच नियम होता: ज्यांचा रिपोर्ट वाईट, त्यांनाच मेसेज जायचा. कयलने त्यासाठी डेटाबेसमध्ये फंक्शन, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. पण माणसागणिक एक अशा लाखो ओळी वाचताना फोनच्या रकान्यात एका नंबराऐवजी भलतंच काही सापडलं, की सगळं जागच्या जागी अडायचं.

"अगं, बिघडलेली ओळ सोडून दे आणि पुढे चल!" तिचा वरिष्ठ इनियन वैतागला. "एका ओळीपायी लाखो लोकांना ताटकळत ठेवणार का?"

कयलने तसंच केलं. दुपारपर्यंत फंक्शन कुठेही न अडखळता पार पडलं.

संध्याकाळी तिच्या चित्तीचा, धाकट्या मावशीचा, फोन आला.

"कयल, मला मेसेज नाही आला! सुटले गं बाई. चुकामूक नको म्हणून मी फॉर्मवर फोनच्या रकान्यात माझ्या नंबराशेजारी तुझाही लिहिला होता."