काचेबाहेरचा उन्हाळा

पुढे उष्णता वाढल्यावर दलदलीचं काय होईल, हे पाहायला सुन्नाने लॅपलँडमधल्या आपल्याच गावाशेजारच्या दलदलीत काचेचे आडोसे उभारले होते. आतल्या उबेने शेवाळ वाळून पांढरं पडलं, तेव्हा त्या शेवाळात पिकणारी रानबोरं वेचायला आलेली राव्ना आत्या हसली होती, "अगं, माझी बोरं शिजवतेस की काय?"

"आत्या, हे तुझ्या पतवंडांच्या वेळचं आहे. तू बाहेरची खा की पोटभर!"

या उन्हाळ्यात आत्या रिकामी बादली घेऊन तिच्यापाशी आली. काचेबाहेरची दलदलही पांढरी पडली होती.

"सुन्ना, हात जोडते, काढ त्या काचा. आतला उन्हाळा बाहेर सुटलाय बघ."

काचा काढून काहीच थांबणार नाही, हे सुन्नाला ठाऊक होतं.



आत्याच्या तोंडाकडे बघून तिने पहिली काच उपटली.