गव्हाणीवर पहारा

राहेलचे मातीचे मेंढपाळ तिसऱ्यांदा फुटले. उन्हात ठेवले की तडकायचे, चुलीपाशी ठेवले की काळे पडायचे, अन् संध्याकाळी तर कान्हे गावची सगळी ख्रिस्ती घरं नाताळाच्या भजनाला तिच्याच अंगणात जमणार. सगळी म्हणजे चार. पण यंदा गव्हाणीचा देखावा मांडायचं काम आईनं पहिल्यांदाच तिच्यावर सोडलेलं. गोठा झाला, गवत झालं, चिंधीत गुंडाळलेलं बाळ झालं. मेंढपाळ तेवढे नाहीत.

मातीनं भरलेले हात तसेच घेऊन ती बांधापलीकडं रखमाजीच्या घरी पळाली. रखमाजीच्या गेणूकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे होते. वडगावच्या बाजारातले, रंगवलेले, टोपलीत भुसा घालून माळ्यावर जपून ठेवलेले. गेणू सख्ख्या बहिणीला त्यांना हात लावू द्यायचा नाही.

“तीनच दे,” राहेल म्हणाली. “उद्या आणून देते.”

“कशाला?”

“मेंढपाळ करायचेत.”

गेणूला ऐकूनच कसंतरी झालं. “मावळं हायती ती. मेंढरं राखायला न्हाई आणली.”

मग राहेलनं एका दमात त्याला सगळी गोष्ट सांगितली. बाईचे दिवस भरलेले, गाव परका, धर्मशाळेत जागा नाही, शेवटी बाळ झालं ते गुरांच्या गोठ्यात.

“आमची कपिली बी गोठ्यातच व्याली परवा,” गेणू भाकरी चावत म्हणाला. “तिला काय मावळं दिलं न्हाईत.”

राहेल रडकुंडीला आली. उंबऱ्यातून वळून म्हणाली, “नको देऊ जा. हेरोद राजाचं शिपाई त्या बाळाला मारायला येत्यात, ते तर मी सांगितलंच न्हाई तुला.”

गेणू चावायचा थांबला.

“कवा येत्यात?”

“बाळ झाल्यावर. तलवारी घिऊन.”

“किती जण?”

“शास्त्रात लिवलं न्हाई. लय.”

“अन् बाळापाशी कोण हाय?”

“आईबाप. अन् एक गाढव.”

गेणूनं उरलेली भाकरी कोनाड्यात ठेवली आणि माळ्याला शिडी लावली.

तीन कुठले, तो अख्खी टोपलीच घेऊन आला. राहेलला मांडूही दिले नाहीत. उकिडवा बसून स्वतःच लावत गेला. ढालतलवारवाले दारात, भालेवाले मागच्या भिंतीला, तुतारीवाला छपरावर, सगळ्यांची तोंडं बाहेर. दार असं काही बंद झालं की बाळ दिसेचना.

“आरं, बाळ बघायलाच लोक येणारेत,” राहेल म्हणाली.

“लोकान्ला दिसलं तर शिपायान्लाबी दिसंल.”

दिवेलागणीला लोक आले. टाळ आले, मृदंग आला, आईनं गुळाच्या करंज्यांचं ताट बाहेर आणलं. राहेल आईच्या पदराआड, कारण आता कुणीतरी विचारणारच होतं. सगळ्यांत म्हातारे याकोबआबा कंदील घेऊन पुढे झाले, वाकले, बघतात तर चहूकडे तलवारी.

“राहेल, मेंढपाळ कुटं गं?”

राहेलनं आईचा पदर तोंडावर ओढून घेतला. बोलला तो गेणू. तो गोठ्यापासून हललाच नव्हता.

“तुमी कोण? कुटनं आलात?”

मागं कुणीतरी फिस्कन हसलं. याकोबआबा हसले नाहीत. त्यांनी कंदील खाली धरला, दारावरचा पहारा नीट पाहिला, मग गेणूकडं पाहिलं.

“मेंढपाळ,” ते म्हणाले. “रानातनं आलो.”

“मग काठी?”

आबांनी हातातली काठी पुढे केली. गेणूनं ती वरपासून खालपर्यंत निरखली, आणि दारातला एक मावळा बोटानं अलगद बाजूला सारला.

“एकेकानं या,” तो म्हणाला.

मागं राहेलचा बाप सरपणातून काठी उपसायला लागला.